पाकाला दोन कडवी

आईचं आवडतं गाणं कुठलं होतं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच फोनवर मूळ गाणं लावून ऐकाल, आणि मूळ गाण्यात ते नाहीच. मीही तीच चूक केली होती. त्यापायी बराच रवा आणि चांगलं साजूक तूप वाया गेलं, तेव्हा माझं ऐका.

एवढं सांगते की ते रेडिओवरचं जुनं गाणं आहे, तीन कडव्यांचं, कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं. रेडिओवरच्या निम्म्या गाण्यांतल्या बायका कुणाची तरी वाट बघतच असतात, त्यामुळे तेवढ्यावरून ते ओळखू यायचं नाही.

आई गाते असं कोणी म्हटलं असतं तर तिलाच नवल वाटलं असतं. गायला म्हणून ती कधी बसली नाही. कुणाच्या डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला "म्हणा की एखादं" असा आग्रह सुरू झाला की ती "जरा आत बघते हं" म्हणून त्या घरच्या स्वयंपाकघरात सटकायची. पण आमच्या सांगलीच्या घरी घड्याळ बाहेरच्या खोलीत होतं आणि ओट्यापाशी उभं राहून ते दिसायचं नाही. एक घड्याळ आत लावलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण ते कुणाला सुचलं नाही, आणि आई गाण्यावर स्वयंपाक करायला लागली. चहाला ध्रुवपद आणि पहिलं कडवं. शेवया भाजायला तेच दोनदा. रव्याच्या लाडवांच्या पाकाला उकळी फुटल्यापासून दोन कडवी, दोन्हींच्या मागे ध्रुवपद, आणि शेवटचं ध्रुवपद संपलं की गॅस बंद. याहून जास्त वेळ लागणारं काही असलं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तिसऱ्या कडव्यापर्यंत ती जायचीच नाही. ते मी फक्त रेडिओवर ऐकलेलं.

या पद्धतीत एक दोष होता. आई चिडलेली असली की गाणं भरभर व्हायचं आणि चहा कच्चा राहायचा. मी आणि धाकटा भाऊ चहाचा पहिला घोट घेऊनच ओळखायचो की आज काहीतरी बिनसलंय, आणि मुकाट्याने अभ्यासाला बसायचो. पाकाच्या बाबतीत मात्र ती हा धोका पत्करत नसे. डोकं फिरलेलं असलं तर ती त्या दिवशी पाकाला हातच लावायची नाही. "आज नको, आज माझं मन थाऱ्यावर नाही," म्हणायची आणि चकल्या घालायला घ्यायची. चकल्यांना रागाने फरक पडत नाही, असं तिचं मत होतं.

स्वयंपाकघराला लागून गॅलरी होती. तिथे वेताच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत बसलेले असायचे. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कालव्यातून किती पाणी जाईल ते त्यांना कळायचं, पण गाणं वर गेलं की खाली आलं ते कधी कळलं नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी लहर लागून ते आईच्या सुरात सूर मिसळायला जायचे, की आतून आवाज यायचा, "तुम्ही नका म्हणू, दूध नासेल." ते हसायचे आणि पेपरात डोकं घालायचे. मला कायम वाटायचं की त्या पेपराच्या पलीकडचं त्यांना काही ऐकूच येत नाही.

मी शिकायला हॅनोव्हरला आले आणि इथलीच झाले. गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या विभागात काम करते. नवराही इंजिनिअर. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. दर दिवाळीला सांगलीहून लाडू यायचे, कधी कुणाच्या सामानातून, कधी कुरियरने, निम्मे फुटलेले. फुटलेले आम्ही वाटीत घेऊन चमच्याने खायचो. त्यामुळे ते स्वतः करायची वेळ कधी आली नाही. एकदाच फोनवर विचारलं होतं.

"पाक किती वेळ ठेवायचा गं?"

"दोन कडवी."

"अगं, मिनिटं सांग."

"मिनिटं मला कशी माहीत असणार? दोन कडवी म्हणायची आणि बंद करायचं. बोटात धरून बघायचं, तार येते की नाही. येतेच."

नवरा शेजारी बसून हसला होता. मीही हसले होते. मग कुठलातरी दुसरा विषय निघाला.

आई फेब्रुवारीत गेली. आजारपण चार दिवसांचं. मी विमानात असताना गेली, एवढंच सांगते. त्याबद्दल सांगायला बसले तर हे लाडवांचं राहूनच जाईल.

सप्टेंबरात बाबांना आम्ही इकडे आणलं. व्हिसा तीन महिन्यांचा, म्हणजे दिवाळी इथेच होणार होती. बाबांनी कशालाच विरोध केला नाही, आणि तेच मला आवडलं नाही. एरवी ते विमानातल्या खिडकीच्या जागेवरूनही वाद घालणारे. इथे येऊन त्यांनी शहाण्यासारखा दिनक्रम बसवला. सकाळी जंगलातल्या वाटेने फेरी, मग टॅब्लेटवर मराठी पेपर, जेवण, झोप, पुन्हा फेरी. कुठला कचरा कुठल्या डब्यात जातो ते त्यांनी आमच्याआधी पाठ केलं आणि नवऱ्याला त्यावरून बोलायलाही लागले. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", हा शब्द उचलला आणि तो सगळीकडे वापरायला लागले. "बाबा, अजून आमटी वाढू?" "गेनाऊ."

फक्त आईचा विषय काढायचे नाहीत. आम्ही काढला तर उठायचे, बूट घालायचे आणि बाहेर पडायचे. एकदा मी सहज म्हटलं की ही कढई आईनेच घेऊन दिलेली, तर जेवण अर्धं टाकून फेरीला गेले. त्यानंतर मी त्यांच्यासमोर तिचं नाव घेणं सोडलं. घरात दोघं जण एकाच माणसाच्या आठवणीत आणि दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारतोय, असं चाललं होतं.

ऑक्टोबरात आत्याचा फोन आला. ती म्हणाली, "यंदा सांगलीच्या घराला दिवाळी नाही. पण तू फराळ कर हो. तुला चालतं, तू सासरची. लेकीने डबा न्यायचाच असतो."

आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत दिवाळी आली की त्या घरात फराळ करत नाहीत. शेजारी, नातेवाईक डबे आणून देतात, आणि लेकीने तर द्यायचाच. मी हिशेब केला तर माझं माहेर म्हणजे सध्या आमची पाहुण्यांची खोली होती. म्हणजे मी स्वयंपाकघरात फराळ करायचा आणि डबा भरून दोन दारं पलीकडे नेऊन द्यायचा. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग दे की. तेवढंही होत नाही का तुझ्याच्याने?"

चकल्या आणि चिवडा मला जमतो. प्रश्न लाडवांचा होता. आणि खरं सांगायचं तर प्रश्न लाडवांचाही नव्हता. फोनमध्ये आईचे ढीगभर आवाज साठवलेले आहेत. "पोचलीस का", "स्वेटर घाल", "हा फोटो नीट दिसत नाही", "चुकून लागला गं". गाणं एकातही नाही. कोण कशाला पाठवेल स्वयंपाकाचं गाणं? शब्द मला पाठ होते, चालही येत होती. पण ती ते किती सावकाश म्हणायची, ते डोक्यात ऐकू येईना. मला भीती वाटायला लागली की हे मी हरवलं, आणि आता ते कुणाकडेच नाही. लाडू जमले तर गाणं बरोबर, नाही जमले तर गेलं, असं मी मनाशी धरून बसले. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. तरी बसले.

पहिला प्रयत्न एका शनिवारी, बाबा फेरीला गेल्यावर केला. इथे गव्हाचा मऊ रवा मिळतो, 'वाइचवाइत्सनग्रीस' असं लांबलचक नाव असलेला, तो चालतो. तुपात रवा भाजला, खोबरं भाजलं, साखर-पाणी चुलीवर चढवलं आणि उकळी फुटल्यावर फोनवर मूळ गाणं लावलं. सुरुवातीलाच वाद्यं वाजायला लागली. ती संपेचनात. मग ध्रुवपद, मग कडवं, मग पुन्हा सतार आणि बासरी यांचं आपापसात बोलणं. आईच्या गाण्यात सतारही नव्हती आणि बासरीही नव्हती, कडव्याला कडवं लागून असायचं. हे माझ्या ध्यानात आलं तोवर पाक पार पुढे गेला होता. लाडू वळता आले नाहीत. जे झालं ते खडीसाखर घातलेल्या वाळूसारखं होतं. बाबांनी दुधात भिजवून वाटीभर खाल्लं आणि "चांगलं आहे" म्हणाले. आपण काय खातोय ते त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या खेपेला मीच गायले. ऑफिसमधून आल्यावर, कपडेही न बदलता. लाडू वळले तेव्हा गोल होते. थोड्या वेळाने येऊन बघते तर सगळे ताटात पसरून बसलेले. नवऱ्याने एक उचलला, तो हातातच दबला.

"तू बोलतेस तशी गातेस ना," तो म्हणाला. "भरभर. त्या पाकाला श्वास तरी घेऊ दे."

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. खरं होतं म्हणूनच.

तिसऱ्या खेपेला माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. म्हटलं, गाणंबिणं बाजूला ठेवू. साखरेच्या पाकाचा थर्मामीटर आणला, कुठल्या तापमानाला एकतारी होतो ते वाचून ठेवलं, आणि आकडा आला की चूल बंद. लाडू झकास झाले. नवऱ्याने ऑफिसला नेले, तिकडे ते कॉफीबरोबर संपले आणि कुणीतरी म्हणे कृती मागितली. मुलगीही "लेकर", म्हणजे चविष्ट, म्हणाली, आणि तिच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

बाबांनी एक खाल्ला. "छान झालाय," म्हणाले, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

आता इथे सांगायला हवं की आईच्या लाडवांची परीक्षा एकच होती. बाबा पहिला लाडू खाऊन काहीच बोलायचे नाहीत. पेपरावरून नजर न काढता त्यांचा हात ताटाकडे जायचा आणि दुसरा उचलायचा. मग आई आत जायची आणि डबे भरायला घ्यायची. बाबांनी तोंडाने कौतुक केलं म्हणजे लाडू फसला, हे आम्ही लहानपणापासून समजून होतो. मी तो थर्मामीटरवाला लाडू फोडून बघितला. चवीला ठीक, पण आईचा लाडू फोडला की आत जो रवाळ कण दिसायचा, जिभेवर साखर किंचित करकरायची, ते नव्हतं. तिचा पाक एकतारीच्या थोडासा पुढे गेलेला असायचा. किती पुढे, ते मला माहीत नव्हतं. थर्मामीटर वाढवत वाढवत एखाद्या दिवशी तिथे पोचले असते, पण मला ते तसं नको होतं.

मग तो रविवार आला. हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासाने मागे गेली होती, पण बाबांच्या पोटाला ते कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे घरात सगळंच लवकर उरकलं. नवरा मुलीला घेऊन पोहायला गेला. बाहेर गार भुरभुर पाऊस होता. बाबांनी खिडकीतून बघितलं, बूट हातात घेतले आणि पुन्हा ठेवून दिले. टॅब्लेट घेऊन बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसले. आमचं स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच आहे, मध्ये फक्त ओटा. मला लाडू करायचे होते, आणि रवा आधीच भाजून झाला होता. म्हटलं, हळू आवाजात म्हणू, त्यांना कुठे ऐकू जातंय.

पाकाला उकळी फुटली. मी सुरू केलं. पहिलं कडवं संपलं, ध्रुवपदावर आले.

"फार घाई करतेस," मागून बाबा म्हणाले.

माझा हात थांबला. एक तर चोरी पकडली गेली होती, आणि त्यात वर घाईचा टोमणा. तो मला सलग दुसऱ्यांदा मिळत होता.

"मग तुम्हीच म्हणून दाखवा," मी म्हटलं. तोडूनच म्हटलं. मला वाटलं, आता हे उठणार, पावसातसुद्धा बूट घालणार.

त्यांनी टॅब्लेट मांडीवर उपडा ठेवला. चष्मा काढला. "तो पाक खाली घे आणि पुन्हा उकळी आली की सांग," म्हणाले.

मी थोडं पाणी घालून पाक पुन्हा चढवला. पाक पुढे गेला तर पाणी घालून मागे आणता येतो, ही त्यातली सोय आहे. उकळी आली. "आली," मी म्हटलं.

बाबा गायला लागले. सूर एकही लागला नाही. चाल अशी नव्हतीच, ते नुसतं मोठ्याने वाचल्यासारखं होतं. पण लय तिची होती. पहिल्या ओळीनंतरचं थांबणं तिचं होतं, ती तिथे कालथा फिरवायची. एका शब्दाला दिलेला हेलकावा तिचा होता. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते, कढईकडे बघत, आणि आमच्या सांगलीच्या ओट्यावरची साखरेची बरणी, तिच्या झाकणाला बांधलेला दोरा, सगळं मला दिसायला लागलं. मी ढवळत राहिले. न ढवळून चाललं नसतं.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर बाबा थांबले.

मी वाट बघितली. पाकाचे बुडबुडे मोठे व्हायला लागले.

"बाबा, पुढे?"

"थांब."

"काय थांब? पाक पुढे जाईल."

"इथं थांबायचं असतं," बाबा म्हणाले.

मी कढई उचलून बाजूला घेतली आणि वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते.

"इथं ती विचारायची, अहो, चहा ठेवू का?"

त्यातलं 'अहो' त्यांनी अगदी तिच्यासारखं म्हटलं, 'हो' जरा ओढून. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा त्यांनी तिच्याबद्दल तोंड उघडलं होतं, आणि उघडलं ते थेट तिच्याच बोलण्याने. मी कामाचं बोलले.

"मग?"

"मग मी हं म्हणायचो. मग ती पुढची ओळ घ्यायची."

"तुम्ही लगेच म्हणायचात हं?"

बाबांनी विचार केला. खोटं त्यांना बोलता येत नाही. "लगेच कुठलं. हातातली बातमी वाचून झाली की."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत थांबायची. मी हं म्हटल्याशिवाय पुढे जायची नाही ती. अर्धवट सोडणाऱ्यातली नव्हती."

म्हणजे असं होतं तर. पाक एकतारीच्या जो थोडासा पुढे जायचा, तो बाबांच्या एका बातमीइतका. सगळी आळी ज्या लाडवांची तारीफ करायची, त्यांचं कसब आईच्या हातात होतंच, पण थोडंसं बाबांच्या न ऐकण्यातही होतं. मी आयुष्यभर यंत्रांच्या वेळा मोजल्या. ही वेळ कुठल्या यंत्रावर दिसली असती?

मला हसू आलं. बाबांनाही आलं. "हसतेस काय," ते म्हणाले, "पाक कर."

मी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा चढवला. बाबांनी चष्मा लावला आणि टॅब्लेट हातात घेतला. उकळी आली आणि या वेळी मी म्हटलं, त्यांनी दाखवलं तसं. पहिल्या ओळीनंतर थांबले, कालथा फिरवला. हेलकावा घेतला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आले आणि थांबून विचारलं, "बाबा, चहा ठेवू का?"

उत्तर आलं नाही. मी बघितलं तर ते वाचत होते. नाटक नव्हतं, खरोखर वाचत होते. बोट टॅब्लेटवरून हळूहळू वर सरकत होतं. बुडबुडे मोठे झाले, जड झाले. माझा हात दोनदा चुलीच्या बटणाकडे गेला आणि दोनदा मी तो मागे घेतला. आई हे कसं सोसायची कोण जाणे.

"हं," बाबा म्हणाले.

मी पुढची ओळ घेतली. शेवटचं ध्रुवपद सुरू केलं तसं बाबांनी मान वर न करता सांगितलं, "इथं एक ओळ आधी बंद कर. ही तुमची काचेची चूल बंद केल्यावरही तापत राहते. ती इकडे आली होती तेव्हा तसंच करायची."

आई दोन वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला आली होती. तेव्हा तिने इथे लाडू केले होते आणि मी ऑफिसला होते. बाबा मात्र याच खुर्चीत बसलेले होते.

मी एक ओळ आधी बंद केली. बोटात धरून बघितलं, तार आली, आणि नुसती तार आली नाही, तर तुटताना जरा ताठ राहिली. रवा-खोबरं त्यात घातलं, वेलदोडा घातला, ढवळलं आणि झाकण ठेवलं. आता ते मुरायला हवं होतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा काही करायचं नसतं.

चहा केला, आलं घालून. बाबांचा कप नेऊन दिला आणि भांडी घासायला वळले. पाऊस थांबला होता. बाबांनी बाल्कनीचं दार थोडं उघडलं, एक घोट घेतला, आणि पुन्हा गायला लागले, तसंच बेसूर, तसंच सावकाश.

मी नळ बंद केला. ते तिसरं कडवं म्हणत होते.

रेडिओवर ते भराभर जातं, मागे वाद्यं असतात. त्यात वाट बघणारी बाई दार उघडते, एवढंच मला आठवत होतं. बाबांनी ते सगळं म्हटलं, एक शब्द न चुकता, शेवटच्या ध्रुवपदासकट. मध्ये एकदा चहाचा घोट घेतला, तोही ठरलेल्या जागी घेतल्यासारखा.

"तुम्हाला हे तिसरं कुठून येतं?" मी विचारलं. "आई तर दुसऱ्यावर थांबायची."

"पाकाला दोन पुरायची," बाबा म्हणाले. "मुरत ठेवलं की चहा घेऊन बाहेर यायची, गॅलरीत, माझ्याजवळ. तुम्ही दोघं खेळायला गेलेले असायचात. तेव्हा म्हणायची."

"दर वेळी?"

"दर वेळी. तिसरं माझं असायचं."

मला रडू आलं ते तेव्हा. फेब्रुवारीत इतकं आलं नव्हतं. बाबा उठले नाहीत, बुटांकडे गेले नाहीत. त्यांनी पायाने शेजारची खुर्ची माझ्याकडे ढकलली.

मी हात पुसून बसले. झाकणाखाली रवा मुरत होता आणि त्याला अजून वेळ होता.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

"बेसूर आहे मी."

"असू दे. दूध नाहीये आज चुलीवर."

बाबांनी कप खाली ठेवला, आणि म्हटलं.